शेवटानंतरचे गाणे

जुलै १९६९ च्या अखेरची गोष्ट. लंडनमधील सेंट जॉन्स वुड भागात ॲबी रोडवर ईएमआय कंपनीचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ होता, आणि तिथे बीटल्सच्या नव्या अल्बमची जुळणी चालू होती. लहानमोठी, काहीशी अर्धवट राहिलेली गाणी एका माळेत ओवावीत आणि ती सलग माळ रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर घालावी, असा बेत होता. ३० जुलै रोजी ही माळ तात्पुरती जोडून ऐकण्यात आली. तिच्या मध्यभागी 'हर मॅजेस्टी' नावाचे अवघ्या २३ सेकंदांचे एक गाणे बसवलेले होते. पॉल मॅकार्टनी याने ते २ जुलैला एकट्यानेच गिटार घेऊन गाऊन ठेवले होते. सलग ऐकताना ते त्याला खटकले. काढून टाका, असे त्याने सांगितले. काढलेल्या तुकड्याचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर आले की फेकून द्या.

फीत कापणारा जॉन कर्लँडर हा स्टुडिओतला एक तरुण साहाय्यक होता. त्याने तुकडा कापला आणि तो जमिनीवर पडला. परंतु नोकरीला लागताना त्याला एक गोष्ट बजावण्यात आलेली होती: मुद्रित झालेले काहीही, कधीही टाकायचे नाही. मंडळी निघून गेल्यावर त्याने तो तुकडा उचलला, त्याला वीसेक सेकंदांची कोरी लाल फीत जोडली आणि सगळे लेंढार मूळ फितीच्या शेपटाला चिकटवून दिले. हे गाणे अंतिम प्रतीत घ्यायचे नाही, अशी नोंदही त्याने डब्यावर केली. दुसऱ्या दिवशी बीटल्सच्या ॲपल कंपनीत त्या फितीवरून केवळ ऐकण्यापुरती एक तबकडी कापण्यात आली. ती कापणाऱ्या माल्कम डेव्हीस यालाही काही टाकण्याचा धीर झाला नाही; त्याने गाणे होते तसेच राहू दिले. तबकडी वाजली. 'दि एंड' हे नावाप्रमाणेच शेवटचे असलेले गाणे संपले. शांतता पसरली. सारे आटोपले असे वाटत असताना अकस्मात एक दणदणीत तारनाद उमटला आणि मागोमाग ते फेकलेले गाणे आले. ते तिथे सर्वांना आवडले. २६ सप्टेंबर १९६९ रोजी 'ॲबी रोड' प्रसिद्ध झाला, तेव्हा 'दि एंड' नंतर सुमारे १४ सेकंदांच्या शांततेपलीकडे ते होते. वेष्टनावर छापलेल्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात ज्याला पुढे 'हिडन ट्रॅक' म्हणू लागले, त्या प्रकाराचा हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध आरंभ. एका थोर चमूच्या खट्याळपणाचा नमुना म्हणून तो नेहमी सांगितला जातो. वस्तुतः त्यात खट्याळपणा जवळजवळ नाहीच. त्यात आहे तो एका कनिष्ठ नोकराचा दक्षपणा. काफ्काने आपली हस्तलिखिते जाळण्याविषयी लिहून ठेवले आणि माक्स ब्रोडने ती जाळली नाहीत, ही कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पण ब्रोड हा मित्र होता, स्वतः लेखक होता, आणि आपण काय वाचवीत आहोत याची त्याला पुरती जाण होती. कर्लँडर मित्र नव्हता. त्या २३ सेकंदांविषयी त्याचे काही वाङ्मयीन वा सांगीतिक मत होते, असेही दिसत नाही. नियम होता, म्हणून त्याने तुकडा उचलला. कलाकृतीला तिचा शेवट दफ्तरी शिस्तीने मिळवून द्यावा, हे कलानिर्मितीच्या कोणत्याही रोमँटिक उपपत्तीत बसणारे नाही.

आणखी एक तपशील असा की, ती कापाकापी तात्पुरत्या जुळणीची होती, त्यामुळे ती ओबडधोबड झाली. आधीच्या 'मीन मिस्टर मस्टर्ड' या गाण्याचा शेवटचा तारनाद कातरीच्या या बाजूला आला आणि 'हर मॅजेस्टी'च्या कपाळी बसला. तिचा स्वतःचा अखेरचा स्वर पुढल्या 'पॉलिथीन पॅम'च्या आरंभाखाली तिकडेच राहिला. म्हणजे हे गाणे दुसऱ्याच्या शेवटाने सुरू होते आणि स्वतःचा शेवट न मिळता थांबते. जाणूनबुजून कोणी अशी रचना केली असती, तर समीक्षकांनी तिच्यावर प्रबंध लिहिले असते.

गाण्याच्या तबकडीवर गाण्याबाहेरचे काही असणे ही गोष्ट तशी तबकडीइतकीच जुनी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले. तिच्या त्या काळच्या अनेक तबकड्यांत गायन संपता संपता एक चमत्कार ऐकू येतो. ठुमरी वा ख्याल आटोपल्यावर ती उंच, काहीशा खेळकर आवाजात इंग्रजीतून आपले नाव सांगते. त्याचे कारण असे सांगितले जाते की, मूळ मुद्रणे छपाईसाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे ओळखता यावे म्हणून गायकाने स्वतःच नाव उच्चारायचे असा रिवाज होता. कारखान्याची ती सोय होती. पण आज ती तबकडी ऐकणाऱ्याला गाण्यातल्या कित्येक तानांपेक्षा ते नावच अधिक लक्षात राहते, कारण तिथे गायिका गाण्याच्या चौकटीतून बाहेर डोकावते. तीन-साडेतीन मिनिटांत राग कोंबण्याची कसरत पार पडलेली असते, उरलेल्या दोन-तीन सेकंदांत माणूस दिसतो. मराठी नाट्यसंगीताच्या श्रोत्याला या मर्यादेची वेगळी जाणीव असे. रंगभूमीवर बालगंधर्वांचे पद वन्समोअरमागून वन्समोअर घेत वाढत जाई. तेच पद तबकडीवर काही मिनिटांत मिटून जाई, आणि 'पुन्हा' म्हणायला समोर कोणी नसे. वन्समोअर हे श्रोत्याने मागून मिळवलेले शेवटानंतरचे गाणे होय. लपवलेले गाणे हे न मागता मिळालेले वन्समोअर. दोहोंत फरक आहे तो एवढाच नव्हे, पण एवढा तरी निश्चित आहे.

लपवण्याच्या खेळात तबकडीच्या घडणीचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याकडे रसिकांचे पुरेसे लक्ष जात नाही. लाँग प्लेइंग रेकॉर्डवर वास्तविक काहीच लपत नाही. उजेडात तिरपी धरली की प्रत्येक गाण्याचा पट्टा आणि दोन गाण्यांमधली गुळगुळीत वाट स्पष्ट दिसते. 'हर मॅजेस्टी'चा बारीकसा पट्टाही नीट पाहणाऱ्याला दिसतच होता. तिथे गुपित राहते ते कानापासून, डोळ्यापासून नव्हे. कॅसेटमध्ये उलट. तिथे फीत बोलत नाही. चाकावर अजून किती गुंडाळी शिल्लक आहे एवढाच काय तो संशय. सीडीच्या प्लेअरवर सेकंदांचा आकडा चालू असतो, आणि शेवटचे गाणे संपूनही तो आकडा थांबत नसेल, तर चाणाक्ष श्रोता उठत नाही. प्रत्येक माध्यमाने लपवण्याची जागा वेगळी दिली, आणि ज्यांनी ती जागा ओळखली त्यांचेच खेळ रंगले.

बीटल्सनीच दोन वर्षे आधी, 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या १९६७ च्या अल्बमच्या शेवटी, जाणीवपूर्वक असा खेळ केला होता. त्यातल्या शेवटच्या गाण्याचा अंत एका प्रदीर्घ नादाने होतो. तीन पियानोंवर आणि हार्मोनियमवर एकाच वेळी तो सूरमेळ छेडला गेला, आणि तो जसजसा विरत गेला तसतशी अभियंत्यांनी मुद्रणाची पातळी चढवत नेली. इतकी की अखेर स्टुडिओतली खुर्चीची करकर ऐकू यावी. चाळीसहून अधिक सेकंद तो नाद टिकतो. त्यानंतर १५ किलोहर्ट्झचा एक अतितीव्र स्वर येतो. तो जॉन लेननच्या सूचनेवरून, घरातल्या कुत्र्यांना ऐकू जावा म्हणून घातलेला! (साठी उलटलेल्या बहुतेक मनुष्यकर्णांना तो ऐकू येत नाही, तेव्हा ज्येष्ठ समीक्षकांनी त्यावर मतप्रदर्शन न करणेच इष्ट.) आणि त्यापुढे, रेकॉर्डच्या अगदी आतल्या खाचेत, हसणे-बडबडणे यांचे तुकडे उलटसुलट जोडून तयार केलेला एक गोंगाट. तो २१ एप्रिल १९६७ रोजी मुद्रित झाला.

ही आतली खाच म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्यातली गंमत समजत नाही. रेकॉर्डवरची खाच चक्राकार आत आत जाते आणि शेवटी एका बंद वर्तुळाला मिळते. सुई तिथे फिरत राहते. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. एरवी त्या वर्तुळात केवळ खरखर असते. बीटल्सनी ते वर्तुळ भरून टाकले. ज्यांच्याकडे आपोआप उचलणारा प्लेअर होता त्यांना तो गोंगाट क्षणभर ऐकू आला. ज्यांना हाताने सुई उचलावी लागे, त्यांच्या घरी तो उठून बंद करेपर्यंत चालूच राहिला. म्हणजे साधे यंत्र बाळगणाऱ्या श्रोत्याला जास्त संगीत मिळाले. त्या काळच्या अमेरिकन प्रतींत हा भाग नव्हताच. १९८७ मध्ये सीडी निघाली तेव्हा तिच्यावर तो गोंगाट काही वेळा फिरवून हळूहळू मंद करण्यात आला. अनंताचा नमुना देण्याचा हा प्रकार म्हणता येईल.

हायडनने १७८१ च्या एका चतुष्कात (ऑपस ३३, क्रमांक २) असाच शेवट लांबवून, मध्ये मध्ये थांबून, टाळी केव्हा वाजवावी याविषयी श्रोत्यांना गोंधळात टाकले होते. तेव्हा हा विनोद साठच्या दशकाचा शोध नव्हे. मात्र हायडनचा विनोद वादकांच्या हाती होता. प्रत्येक प्रयोगात तो नव्याने सांगावा लागे. तबकडीने विनोदच वस्तूत कोरून ठेवला.

१९७३ मध्ये माँटी पायथन या इंग्रज विनोदी चमूने 'द मॅचिंग टाय अँड हँडकरचीफ' या रेकॉर्डच्या एका बाजूवर दोन समांतर खाचा कोरून घेतल्या. सुई कोणत्या खाचेत पडेल ते दैवाधीन; त्यामुळे कालपर्यंत जे प्रहसन ऐकले ते आज ऐकू येत नाही आणि भलतेच काही सुरू होते. कोणती बाजू कोणती, हे कळू नये म्हणून लेबलांचीही गफलत करून ठेवली होती. समांतर खाचांची युक्ती त्यापूर्वीही, घोड्यांच्या शर्यतीच्या खेळण्यातल्या तबकड्यांत, वापरली गेली होती. येथे नवे होते ते श्रोत्याला काहीही न सांगणे. त्या रेकॉर्डची मूळ तबकडी कापणारा जॉर्ज पेकहॅम हा आपल्या कामाच्या कडेला, लेबलाजवळच्या रिकाम्या जागेत, स्वतःची खूण आणि बारीकसारीक शेरे कोरण्याबद्दल प्रसिद्ध होता. देवळाच्या पायरीवर नाव कोरणाऱ्या पाथरवटाची ती जात. संगीतकाराच्या अल्बममध्ये कारागिराने शांतपणे मिळवलेली ती दोन बोटे जागा संग्राहक आजही भिंग लावून वाचतात.

त्याच जागेने एकदा हरवलेले नाव सांभाळले. द क्लॅश या चमूचा 'लंडन कॉलिंग' हा जोडअल्बम डिसेंबर १९७९ मध्ये निघाला. त्याच्या शेवटी 'ट्रेन इन व्हेन' हे गाणे आहे, आणि मूळ वेष्टनावर त्याचा पत्ता नाही. अनेकांना तो हेतुपुरस्सर केलेला गूढ खेळ वाटला. प्रत्यक्षात ते गाणे एका संगीतविषयक साप्ताहिकासोबत फुकट वाटायच्या लवचीक तबकडीसाठी केले होते. तो बेत फिसकटला, गाणे अल्बममध्ये घेतले गेले, आणि तोवर वेष्टने छापून झाली होती. तेव्हा चौथ्या बाजूच्या आतल्या कडेवर त्याचे नाव नुसते खरवडून ठेवले. पुढे अमेरिकेत त्या चमूला खरी लोकप्रियता मिळवून देणारे पहिले गाणे तेच ठरले.

फेकायचे राहिले, छापायचे राहिले, ओळखायला हवे होते, अशा व्यावहारिक अडचणींतून ही 'गुपिते' जन्मली. श्रोत्यांनी मात्र त्यांत हेतू वाचला. आणि हेतू वाचण्याची एकदा सवय लागली की ती कुठे थांबवायची, हे ज्याचे त्याला ठरवता येत नाही. या विषयाची ही काळी बाजू आहे. १९६९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अफवा उठली की पॉल मॅकार्टनी केव्हाच मरण पावला असून बीटल्स त्याच्या मृत्यूच्या खुणा रेकॉर्डांतून देत आहेत. तरुण मुले रेकॉर्ड बोटाने उलट्या फिरवून त्यांतून वाक्ये ऐकू लागली. बीटल्सनी १९६६ च्या 'रेन' या गाण्यात आवाज खरोखरच उलटा वाजवलेला होता, त्यामुळे शोधणाऱ्यांना आधारही होता. 'सार्जंट पेपर'च्या त्या बंद खाचेतला गोंगाट उलटा ऐकला असता एक अश्लील वाक्य निघते, हे मॅकार्टनीला त्याच्या दारी आलेल्या पोरांनी सांगितले. त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हते. पिंक फ्लॉइडने 'द वॉल' (१९७९) मध्ये एका ठिकाणी उलटा संदेश मुद्दाम घातला, तो सरळ लावल्यास शोधणाऱ्याचे अभिनंदन करणारा! तो या वेडाची थट्टाच होता.

थट्टा नेहमी थट्टा राहत नाही. १९८५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या नेव्हाडा राज्यात दोन तरुणांनी आत्मघाताचा प्रयत्न केला. एक तत्काळ गेला. दुसरा वाचला, पण सुमारे तीन वर्षांनी तोही गेला. त्यांच्या कुटुंबीयांनी जुडास प्रीस्ट या इंग्रज चमूवर आणि रेकॉर्ड कंपनीवर दावा लावला. 'स्टेन्ड क्लास' (१९७८) या अल्बममधल्या एका गाण्यात 'कर, करून टाक' अशा अर्थाची आज्ञा दडवलेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९० च्या उन्हाळ्यात रीनो येथे खटला चालला. फिती न्यायालयात वाजल्या, मार्गिका वेगळ्या करून ऐकल्या गेल्या. गायक रॉब हॅलफर्डने आपल्याच गाण्यांचे तुकडे उलटे वाजवून दाखवले, की कोणत्याही ध्वनीतून कान शोधील ते निघते. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ज्या ध्वनीवर आरोप होता तो ऐकू येतो हे त्यांनी मान्य केले, पण तो गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा एक स्वर योगायोगाने एकत्र आल्याने तयार झाला, असा निष्कर्ष काढला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. परंतु ज्या मातापित्यांना त्या सेकंदात आपल्या मुलाच्या मृत्यूचे कारण ऐकू आले, त्यांना ते ऐकू येणे थांबले असेल असे नव्हे. कारण नसण्यापेक्षा लपलेले कारण असणे माणसाला सोसवते. रेकॉर्डमध्ये काहीतरी दडलेले असते, ही समजूत ज्या उद्योगाने हौसेने वाढवली, त्याला या खटल्यात केवळ अन्यायाचा बळी मानणे अवघड जाते. आणि त्याला दोषी धरणे तर त्याहून अवघड.

सीडी आली आणि हा खेळ फोफावला. सत्तर मिनिटांहून अधिक जागा आणि चाळीस मिनिटांचीच गाणी. उरलेल्या जागेचे करायचे काय? निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड' (१९९१) मध्ये शेवटचे नोंदलेले गाणे संपल्यावर सुमारे दहा मिनिटे काहीही ऐकू येत नाही आणि नंतर एकदम गिटारी, आक्रोश, मोडतोड. दुसऱ्या एका गाण्याचे मुद्रण जमेना म्हणून चिडलेल्या कर्ट कोबेनने तिथल्या तिथे सुरू केलेला तो उद्रेक होता. त्यात त्याने गिटार फोडली. त्याचे नाव 'एंडलेस, नेमलेस'. येथेही नजरचूक झालीच: पहिल्या सुमारे वीस हजार प्रतींत तो भाग घालायचा राहून गेला. या दहा मिनिटांत श्रोता दुसऱ्या खोलीत गेलेला असतो, काही वाचत असतो, झोपलेला असतो. अल्बम संपला या विश्वासावर त्याने आपले आयुष्य पुन्हा सुरू केलेले असते, आणि नेमका तो विश्वासच मोडला जातो. एकदा हे फार परिणामकारक होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत शेकडो चमूंनी तीच दहा मिनिटे, तीच शांतता आणि तेच दचकवणे पुन्हा पुन्हा केले. आणि त्यातील पुष्कळसे गाण्यांच्या दर्जाचे नसलेले, टेप चालू राहिल्याने सापडलेले खोकणे-खिदळणे होते. दडवण्यासारखे काही नसताना दडवणे, हा कंटाळ्याचा एक प्रगत प्रकार आहे.

सीडीच्या यंत्रणेतल्या खऱ्या चोरजागा मोजक्यांनीच हेरल्या. एका सीडीवर ९९ पर्यंत क्रमांक देता येतात. नाइन इंच नेल्सच्या 'ब्रोकन' (१९९२) मध्ये सहा गाण्यांनंतर एकेका सेकंदाचे मुके क्रमांक लागतात आणि थेट ९८ व ९९ वर दोन गाणी येतात. दे माइट बी जायंट्स यांनी त्याच वर्षी 'अपोलो १८' मध्ये काही सेकंदांचे २१ तुकडे स्वतंत्र क्रमांकांनी घातले; प्लेअरला क्रम मोडून वाजवायला सांगितले की ते मोठ्या गाण्यांच्या मधून कुठेही टपकत. याहून चतुर जागा म्हणजे पहिल्या गाण्याच्याही अलीकडची. तिथे प्रमाणानुसार थोडी शांतता असते. ती वाढवून तीत गाणे भरता येते, आणि सीडी सुरू होताच मागे नेण्याची कळ दाबून धरल्याखेरीज ते कधीही ऐकू येत नाही. १९९६ च्या 'साँग्ज इन द की ऑफ एक्स' या संकलनात असे केले होते, आणि सोबतच्या पुस्तिकेत, शून्य हीसुद्धा एक संख्या आहे हे ध्यानात ठेवावे, एवढीच सूचना होती. शून्याचा असा विनियोग पाहून भारतीय वाचकाला संतोष वाटायला हरकत नाही.

संस्कृत काव्यशास्त्राला असल्या करामती अपरिचित नव्हत्या. कमळाच्या पाकळ्यांत, तलवारीच्या पात्यात बसणारी चित्रकाव्ये लिहिली गेली; मराठीत मोरोपंतांनी ओठ न मिटता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले. मम्मटाने मात्र चित्रकाव्याला तिसऱ्या, खालच्या पायरीवर बसवले. उत्तम काव्य ते ज्यात ध्वनी आहे, म्हणजे शब्दांनी न सांगितलेला अर्थ शब्दांच्याही वर चढतो. हिडन ट्रॅकची बहुसंख्य उदाहरणे या निकषावर चित्रकाव्यातच जमा होतील. जागा चमत्कारिक, युक्ती दाद देण्यासारखी, आणि ऐकून झाल्यावर हाती काही नाही. परंतु आनंदवर्धनाने ध्वनीचा एक प्रकार सांगताना घंटेच्या अनुरणनाचा दाखला दिला आहे. टोल पडून गेल्यानंतर जे ऐकू येत राहते, ते. शेवटानंतरच्या गाण्याला ही शक्यता असते, आणि क्वचित ती फळाला येते.

ॲलानिस मॉरिसेटच्या 'जॅगेड लिटल पिल' (१९९५) या अल्बमच्या शेवटी, यादीत नाव नसलेले 'युअर हाउस' हे गाणे आहे. साथीला एकही वाद्य नाही. एक स्त्री प्रियकराच्या घरी, तो नसताना, न विचारता शिरली आहे. ती तिथे वावरते, त्याच्या वस्तूंना हात लावते, आणि अखेर तिला दुसऱ्या स्त्रीचे पत्र सापडते. आधीची सगळी गाणी मोठ्या आवाजात, भरगच्च वाद्यवृंदात, संतापाने भरलेली. ते सारे शांत झाल्यावर हा उघडा आवाज येतो. श्रोत्याची अवस्थाही त्या स्त्रीसारखीच होते: जिथे आपण असायला नको होते तिथे आपण आहोत, आणि जे कानावर पडायला नको ते पडते आहे. हे गाणे यादीत, क्रमांकासहित छापले असते तर त्यातला अर्धा अर्थ गळून गेला असता. येथे लपवणे ही युक्ती राहिलेली नाही. गाणे जे म्हणते तेच त्याची जागाही म्हणते. 'द वॉल'मध्ये एका अर्धवट वाक्याचा पूर्वार्ध अखेरीस आणि उत्तरार्ध आरंभी पुटपुटलेला आहे, त्यामुळे भिंत पडल्याच्या जल्लोषानंतर ती पुन्हा बांधली जाणार हे कळते. दोन-तीन शब्दांत अल्बमच्या मुक्तीवर पाणी फिरवणारी ती पुटपुट याच वर्गातली. अशी उदाहरणे शोधू गेल्यास हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. पण उत्तम काव्याचीही गणती त्याहून फार वेगळी नसते.

आज गाणी तबकडीवाचून, तारेवाचून येतात. तिथे आतली खाच नाही, कोरी लाल फीत नाही, शून्याच्या अलीकडची जागा नाही. प्रत्येक तुकड्याला नाव आणि क्रमांक असावाच लागतो, कारण त्याशिवाय यंत्राला तो सापडत नाही. दहा मिनिटांची शांतता कोणी ठेवत नाही, कारण श्रोता तितका वेळ थांबत नाही. 'हर मॅजेस्टी' आता अल्बमच्या यादीत सतरावी म्हणून उभी असते, आणि 'दि एंड' वाजत असतानाच पडद्यावर तिचे नाव पुढे दिसत असते.

२०१९ मध्ये 'ॲबी रोड'ला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने काढलेल्या विशेष आवृत्तीत ३० जुलै १९६९ ची ती तात्पुरती माळ जशीच्या तशी प्रसिद्ध करण्यात आली. तीत 'हर मॅजेस्टी' आपल्या मूळ जागी, 'मस्टर्ड' आणि 'पॅम' यांच्यामध्ये आहे. कपाळावरचा तो परका तारनाद ज्याचा त्याला परत मिळाला आहे, आणि पन्नास वर्षे हरवलेला तिचा अखेरचा स्वरही ऐकू येतो. तिथे ती सर्वांगांनी पूर्ण आहे. मॅकार्टनीने ती काढून टाकायला का सांगितले, हेही तिथे लगेच ध्यानात येते. दोन गाण्यांमधून ती आली कधी आणि गेली कधी, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळतही नाही.